ओंडके तोडता तोडता मारलेल्या गप्पा

लोकांना वाटतं ऑनलाइन फँटसी गेम म्हणजे नुसती मारामारी, ड्रॅगन, तलवारी आणि हेडफोन लावून किंचाळणारी पोरं. पण रूनस्केप खेळणाऱ्या माणसाला विचारा की काल काय केलंस, तर तो सांगेल मासे पकडले, मग ते शिजवले, त्यातले बरेच करपले, मग विलोची झाडं तोडली, आणि हे सगळं करताना एका अनोळखी माणसाशी तास दोन तास गप्पा मारल्या. मला या गेमबद्दल कधीचं लिहायचं होतं, कारण माझं ठाम मत आहे की या गेमचा जीव त्या गप्पांमध्ये आहे, आणि त्या गप्पा होतात कारण गेम संथ आहे. वेग वाढवला की माणसं बोलायची थांबतात. हे बनवणाऱ्या कंपनीलासुद्धा खेळणाऱ्यांनी एकदा मतदान करून सांगितलं, ते पुढे लिहितेच.

आधी थोडं मागचं. इंग्लंडमध्ये एसेक्स युनिव्हर्सिटीत १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा एक गेम सुरू केला होता, त्यात चित्रं वगैरे काही नाही, सगळं अक्षरात. उत्तरेला जायचं तरी टाइप करायचं, समोरच्याला हाय म्हणायचं तरी त्याच ओळीवर टाइप करायचं. म्हणजे खेळणं आणि बोलणं एकाच जागी. पुढे केंब्रिजच्या अँड्र्यू गोवरने आधी डेव्हियसमड म्हणून एक प्रयोग केला आणि त्यातूनच वाढत वाढत ४ जानेवारी २००१ ला रूनस्केप आला. ते जुनं वळण यात अजून दिसतं, स्क्रीनच्या खाली डावीकडे चॅटची खिडकी कायम उघडी असते आणि तुम्ही जे टाइप करता ते तुमच्या माणसाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरात तरंगतं. शेजारी उभा असलेला कोणीही ते वाचू शकतो. नंतरच्या कितीतरी गेममध्ये चॅट कुठेतरी कोपऱ्यात लपवलेला असतो, इथे तो डोक्यावर आहे, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

गेम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला होता आणि सरळ ब्राउझरमध्ये चालायचा. हे आज ऐकायला साधं वाटेल पण २००६ च्या आसपास इचलकरंजीच्या सायबर कॅफेत बसणाऱ्या आमच्यासारख्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, कारण तिथे मशीनवर काही इन्स्टॉल करायला सक्त मनाई, सीडी घालायची नाही, पेन ड्राइव्ह लावायचा नाही, पण वेबसाइट उघडायला कोण अडवणार. दादा आणि मी एकाच खुर्चीवर अर्धं अर्धं बसायचो, माउस त्याच्याकडे आणि कीबोर्ड माझ्याकडे. चालवायचं त्याने, बोलायचं मी. माझं इंग्रजी टाइपिंग शाळेत झालेलंच नाही, ते गेममधल्या लंब्रिज गावातल्या कोंबड्यांच्या खुराड्याजवळ उभं राहून फिनलंडच्या नाहीतर कॅनडाच्या कुणाशी तरी बोलताना झालंय.

नवीन माणसाला पहिलं मोठं काम मिळतं ते लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याकडून. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचाय आणि सामान नाही. त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. अंडं खुराड्यातून उचलायचं, बादली घेऊन गोठ्यातली दुभती गाय गाठायची, आणि पीठ मात्र आयतं नाही, त्यासाठी शेतातून गहू काढायचा, पवनचक्कीच्या शिड्या चढून अगदी वरच्या मजल्यावर जायचं, तिथल्या हॉपरमध्ये गहू टाकायचा, दांडा ओढायचा आणि मग पुन्हा खाली उतरून तळमजल्यावर पडलेलं पीठ भांड्यात भरायचं. भांडं नेलं नसेल तर परत फेरी. जगाला वाचवायची भविष्यवाणी नाही, निवडलेला वीर नाही, काही नाही, एका आचाऱ्याची अडचण आहे आणि तुम्ही ती सोडवताय. मला ही सुरुवात अजूनही कुठल्याही भव्य कटसीनपेक्षा जास्त आवडते. आणि गंमत म्हणजे त्या चक्कीत वरच्या मजल्यावर हमखास दुसरा कोणीतरी नवखा उभा असायचा, त्यालाही कळत नसायचं की दांडा ओढला तरी पीठ कुठंय, आणि तिथेच पहिली ओळख व्हायची. खाली जा, खाली आहे. बस्स, एवढंच पहिलं वाक्य.

आता झाडांबद्दल. प्रत्येक कौशल्याची लेव्हल १ ते ९९. दुसरी लेव्हल यायला ८३ पॉइंट लागतात, नव्याण्णवाव्या लेव्हलला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. आणि हे समान अंतरावर नाही, दर लेव्हलला वाढत जातं, इतकं की ९२ व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. विलोच्या एका ओंडक्याचे साडेसदुसष्ट पॉइंट मिळतात. म्हणजे कोणी फक्त विलोच तोडायचं ठरवलं तर साधारण १ लाख ९३ हजार ओंडके, आणि पिशवीत खाने फक्त २८. पिशवी भरली की बँकेत रिकामी करायची आणि परत झाडाशी. ड्रेनॉर गावात बँकेला लागून पाण्याच्या कडेला विलोची झाडं आहेत आणि तिथे कधीही जा, पाच सहा माणसं कुऱ्हाड चालवताना दिसणारच.

बाहेरच्या माणसाला हा आकडा सांगितला की तो म्हणतो वेड लागलंय का. मला मात्र हा आकडा ऐकून बरं वाटतं. कारण झाडावर एकदा क्लिक केलं की मिनिटभर हात मोकळा. डोकं मोकळं. मग माणूस काय करणार, शेजारच्याशी बोलणार. तुमच्याकडे किती वाजले, कुठली लेव्हल, शाळा आहे का उद्या, कुठला देश, तिकडे बर्फ पडतो का. कोणाची लेव्हल वाढली की त्याच्या डोक्यावर फटाके फुटतात आणि आजूबाजूचे सगळे, ज्यांनी त्याला आयुष्यात पाहिलं नाही, जीझेड जीझेड असं टाइप करतात, म्हणजे अभिनंदन. ९९ झालं की त्या कौशल्याच्या गुरूकडून ९९ हजार नाणी मोजून झगा विकत मिळतो, आणि तो घालून कोणी ड्रेनॉरमध्ये आला की लोक काम थांबवून विचारतात किती दिवस लागले, कुठे केलंस, शेवटची लेव्हल कशी काढलीस. अशी विचारपूस करायला कोणी सांगत नाही, तरी लोक करतात.

व्यापाराचंही तसंच. सुरुवातीची अनेक वर्षं या गेममध्ये वस्तू विकायला मध्यवर्ती जागाच नव्हती. एकाच गेमचे अनेक सर्व्हर असतात, त्यांना वर्ल्ड म्हणतात. वर्ल्ड १ मध्ये वॅरॉकच्या बँकेपाशी नाहीतर वर्ल्ड २ मध्ये फॅलाडोरला जाऊन उभं राहायचं आणि ओरडायचं. नुसतं टाइप केलं तर गर्दीत दिसायचं नाही म्हणून मजकुराच्या आधी वेव्ह नाहीतर फ्लॅश लिहायचं, मग अक्षरं लाटेसारखी हलायची किंवा रंग बदलायची. पूर्ण आठवडी बाजारच. कोणी लॉबस्टर विकतोय, कोणी कोळसा मागतोय, कोणी भाव पाडायला बघतोय. दर कोणाला नक्की माहीत नाही, विचारून विचारून कळायचा. यात लबाडही होते, चिलखताला सोनेरी काठ लावून देतो म्हणून घेऊन पळणारे, पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे, आणि पासवर्ड टाइप कर बघ आपोआप चांदण्या दिसतात असं सांगणारे. दादाने मला पहिल्याच आठवड्यात दम दिला होता, कोणी काही फुकट देतो म्हणालं की वर्ल्ड बदलायचं. ऑनलाइन फसवणुकीबद्दल मला जेवढं कळतं त्याचा पाया तिथलाच.

नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज आलं. काउंटरवर जायचं, वस्तू ठेवायची, भाव टाकायचा आणि निघून जायचं, घेणारा कोण ते कळतही नाही. सोय प्रचंड झाली, पण बाजारातली ओरड एका झटक्यात थंडावली. लगेच डिसेंबरमध्ये, १० तारखेला, वाइल्डरनेस नावाच्या भागातली खेळाडूंची एकमेकांशी मोकळी मारामारी बंद झाली आणि जानेवारी २००८ मध्ये दोन माणसांमध्ये एकतर्फी काही द्यायचं म्हटलं तर त्यावर मर्यादा आली. कारण खरं होतं, खऱ्या पैशात गेममधलं सोनं विकणाऱ्यांनी आणि बॉट्सनी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमनी, गेम पोखरला होता, चोरीच्या क्रेडिट कार्डांचा प्रश्न होता. पण त्याचा परिणाम असा की मित्राला साधी भेट देता येईना. दादा मला एक चिलखत देणार होता, ते तसंच त्याच्या बँकेत पडून राहिलं. २०११ मध्ये लोकांचं मत घेऊन हे दोन्ही परत आणलं, पण मधल्या काळात अनेक जण सोडून गेले ते गेलेच.

आणि मग २० नोव्हेंबर २०१२, इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट नावाचा बदल. लढाईची पद्धतच बदलली. आधी शत्रूवर एक क्लिक केलं की माणूस आपला आपण लढायचा आणि तुम्ही मोकळे. आता खाली बटणांची पट्टी आली, सतत एकामागून एक दाबत राहायचं. कागदावर हे चांगलंच दिसतं, जास्त कौशल्य, जास्त थरार, बाकीच्या गेममध्ये असतं तसं. पण हात सतत बटणावर असेल तर टाइप कोण करणार? मला आठवतंय की लढाईच्या जागा एकदम मुक्या झाल्या होत्या, माणसं होती, पिवळी अक्षरं नव्हती. लोक म्हणतात की लढाई बिघडली म्हणून खेळणारे चिडले. मला वाटतं बोलणं बंद झालं हे खरं दुखणं होतं, फक्त ते नेमकं असं कोणी मांडलं नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने सांगितलं की आमच्याकडे ऑगस्ट २००७ चा बॅकअप सापडलाय, हवाय का, मत द्या. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २२ फेब्रुवारीला ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला. एखाद्या कंपनीने स्वतःचं सहा वर्षांपूर्वीचं रूप परत दुकानात ठेवावं आणि ते नव्यापेक्षा जास्त चालावं असं फार क्वचित होतं. तो बॅकअप ऑगस्टचा असल्यामुळे त्यात ग्रँड एक्स्चेंज नव्हतंच, त्यामुळे बाजारातली ओरड परत ऐकू यायला लागली. पुढे २०१५ मध्ये एक्स्चेंज याही गेममध्ये आलं, तेही मतदानानेच. मला ते पटलं नव्हतं आणि आजही मनापासून पटत नाही, पण नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाने तो तास भाव विचारण्यात का घालवावा हा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही.

मतदान ही या गेमची सगळ्यात मोठी ताकद. नवीन काही घालायचं तर आधी खेळणाऱ्यांना विचारायचं, आणि साधं बहुमत पुरत नाही, आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७०. वॉर्डिंग नावाचं अख्खं नवं कौशल्य २०१९ मध्ये या मतदानात पडलं, बनवणाऱ्यांनी त्यावर किती काम केलं होतं तरी पडलं. सेलिंग, म्हणजे जहाज चालवायचं कौशल्य, आधी २०१५ मध्ये पडलं होतं, मग २०२३ मध्ये लोकांनी पास केलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एकदाचं समुद्रात जहाज निघालं. या सगळ्यात मतापेक्षा मला आवडते ती मताआधीची चर्चा. पॅरेग्राफच्या पॅरेग्राफ लिहितात लोक, या वस्तूने त्या वस्तूची किंमत पडेल का, नव्या खेळाडूचा रस्ता फार सोपा होईल का, जुन्यांची मेहनत वाया जाईल का. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला एवढी तयारी करून कोणी येत नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी भारतातून खेळणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवी. हा गेम ०.६ सेकंदाच्या टिकवर चालतो. म्हणजे तुम्ही काहीही क्लिक करा, सर्व्हर ते पुढच्या टिकला बघतो, सगळ्यांचं एकदमच बघतो. झाडावर कुऱ्हाडीचा घाव दर चार टिकला, म्हणजे २.४ सेकंदांनी मोजला जातो. आता माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, जर्मनीच्या वर्ल्डवर दीडशे मिलिसेकंदांच्या वर असतो, गोळीबाराच्या गेममध्ये एवढ्या पिंगला माणूस कोपऱ्यावरून वळायच्या आत मरतो, पण इथे ६०० मिलिसेकंदांच्या टिकमध्ये दीडशे सहज मावतात. त्यामुळे फ्रँकफर्टमध्ये बसलेला आणि सांगलीत बसलेला बऱ्यापैकी एका पातळीवर खेळतात. हा संथपणा २००१ च्या डायल-अप नेटलाही झेपणारा होता आणि आज आपल्याकडच्या मोबाइल डेटालाही झेपतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोबाइलवर आल्यापासून तर तेच अकाउंट, तेच जग, फोनवर. आमच्या ग्रुपमधला डोंबिवलीवाला सकाळच्या लोकलमध्ये दाराजवळ उभ्याउभ्या लॉबस्टर पकडतो, एक हात कडीला आणि एका अंगठ्याने अधूनमधून टॅप, ठाण्यापर्यंत एक पिशवी भरलेली असते.

ग्रुप म्हणजे आमचा ग्रुप आयर्नमन. हा प्रकार २०२१ मध्ये आला, दोन ते पाच जणांनी मिळून एक कुटुंब करायचं, बाहेरच्या कोणाशी देवघेव नाही, जे काही लागेल ते आपण पाच जणांनी मिळवायचं. दादा, मी, सांगलीवाला, डोंबिवलीवाला आणि माझी कॉलेजची मैत्रीण जी आता जर्मनीत असते. सामाईक कोठार असतं आणि त्यात एका वेळी एकच माणूस शिरू शकतो. यावरून जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात, अरे बाहेर ये की, किती वेळ मोजत बसलायस, मला दोरी हवीय. व्हॉइस कॉल चालू असतो आणि सगळं मराठीत, अधूनमधून मैत्रीण सासूबाईंना आत काहीतरी उत्तर देते तेही ऐकू येतं. आठवडाभर घरच्यांशी होणार नाही एवढं बोलणं आमचं शनिवारी रात्री होतं.

मध्ये सांगलीवाल्याने जाड नावाचा राक्षस मारला ती रात्र. टझटॉक-जाड हा फाइट केव्हज नावाच्या गुहेत ६३ व्या लाटेला येतो, आधीच्या ६२ लाटा मारून तास दीड तास गेलेला असतो आणि गुहेत एकट्यानेच जायचं असतं, ग्रुप असला तरी. जाडचा एक फटका ९७ पर्यंत बसू शकतो आणि माणसाचं जास्तीत जास्त आयुष्य ९९. प्रार्थना म्हणजे त्या त्या प्रकारचा मारा अडवणारी ढाल, ती चुकीची चालू असेल तर खेळ खल्लास. तो मागच्या पायांवर उभा राहिला की जादू येणार, पुढचे पाय जमिनीवर आपटले की दुरून मारा येणार, आणि ते बघून तेवढ्या टिकमध्ये बरोबर प्रार्थना लावायची. सांगलीवाल्याने स्क्रीन शेअर केली होती, राउटर इन्व्हर्टरवर, फोन फुल चार्ज, कारण त्यांच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आम्ही चौघं नुसते बघणारे, तरी माझे तळहात ओले. मैत्रिणीने ठेका धरला होता, उठला, जादू. आपटला, बाण. उठला, जादू. अर्ध्यावर त्याला बरे करणारे चार जण आले तेव्हा दादा एवढंच म्हणाला, घाई करू नको, एकेकाला आपल्याकडे ओढ. त्याने ओढले. मग परत उठला, आपटला, उठला, आणि एकदम कोसळला. फायर केप मिळाली. ती दुसऱ्या खेळाडूला विकता येत नाही, देता येत नाही, ज्याने मारला त्यालाच घालता येते. पण केप त्याच्या अंगावर होती आणि ओरडत आम्ही पाचही जण होतो, मैत्रिणीच्या घरी तर तिचा मुलगा उठला.

सध्याचा वाद चाबकाचा आहे. अबिसल डीमन नावाचे राक्षस मारायला स्लेयर या कौशल्याची ८५ वी लेव्हल लागते आणि त्यांच्याकडून चाबूक, म्हणजे एक हत्यार, पडण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. दादाचे ५१२ कधीच मागे पडलेत आणि चाबूक नाही. आम्ही विकत घेऊ शकत नाही, त्यामुळे तो मारतोय. डोंबिवलीवाला रोज म्हणतो आता लागणारच, एवढे मारलेत. मी त्याला आकडेमोड करून दाखवली की प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच असते, ५१२ मारूनही शंभरातल्या ३७ जणांना मिळत नाही आणि दुप्पट मारले तरी १३-१४ जण कोरडेच राहतात. त्याला ते मान्य आहे, कागदावर. पण तो म्हणतो, ताई, तुझं गणित बरोबर आहे, तरी मनाला असं वाटतंच ना की राक्षसालाही एवढ्या वेळानंतर काही वाटत असेल. सांगलीवाल्याचं म्हणणं जागा बदला, स्लेयर टॉवर सोडून कूरेंडच्या कॅटाकॉम्ब्समध्ये जा. चाबकाची शक्यता तिथेही तेवढीच, मी विकीवर बघून सांगितलं, पण तिथे एकदम अनेक डीमन अंगावर घेता येतात आणि टोटेमचे तुकडे पडतात तो वेगळा फायदा. दादा हलायला तयार नाही. त्याचं एकच, टॉवरमध्ये शेजारी एक ब्राझीलचा माणूस उभा असतो, तोही चाबकासाठीच थांबलाय, आणि त्यांचं बोलणं कालच फुटबॉलवर आलंय.